सातव्या रांगेची टाळी

गेशेचा साखरपुडा झाला ते साल १९६१. कोनराड टीडेमानची ती एकुलती एक लेक, आणि तिने निवडला तो ओनो. वाद्यवृंदात डबल बास हे माणसाहून उंच तंतुवाद्य वाजवणारा, पूर्व फ्रीझियाच्या दलदलीतल्या एका गावचा, बोलायला कमी आणि चहा प्यायला जास्त. कॉफीचा व्यापार करणाऱ्या कोनराडला बासही खटकला आणि चहाही. "वाजवणाऱ्याला टाळी द्यायची असते, मुलगी नव्हे," असे तो बोलून गेला. पण त्याची आई मेटा हिने ओनोचा डावा हात हातात घेतला, बोटांची टोके चाचपली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "घट्टे आहेत. घट्टे पडलेला हात या घरात माझ्या सासऱ्यांनंतर आजच येतोय." सासऱ्यांनी बंदरावर पोती वाहून घराणे उभे केले होते. त्यावर कोनराड काय बोलणार? अंगठ्या बदलल्या गेल्या.

त्या साखरपुड्याची हवा अजून घरात होती, तोवर नोव्हेंबर आला आणि टीडेमानांची अख्ख्या ब्रेमेन शहरात नाचक्की झाली. तीही एका टाळीवरून.

मृतांच्या रविवारी, म्हणजे गेलेल्यांना आठवायच्या दिवशी, सकाळी सगळे नेहमीप्रमाणे कबरस्तानात जाऊन आले. हिनरिखच्या, म्हणजे मेटाच्या नवऱ्याच्या कबरीवर फर झाडाच्या फांद्या घालून झाल्या. दुपारी कॉफीला सगळे मेटाकडे जमायचे, हेही नेहमीचेच. पण या वेळी कोनराडने सकाळी फाटकाशीच हेडविगला गाठून सांगितले होते, "आज तो खुर्च्यांचा विषय मिटवून टाकायचा. तू मध्ये पडू नकोस."

हेडविग ही कोनराडची धाकटी बहीण. लग्न केले नाही, आईजवळच राहिली. ती आता टेबलावर कपबश्या मांडत होती आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होती. सगळे तिच्या खोकल्यामुळे झाले होते.

व्यापारी सभागृहात गुरुवारच्या मैफलीला खोकला घेऊन जायचे नाही, हे ब्रेमेनमध्ये कुणी कुणाला शिकवत नाही. ते अंगातच असते. त्यामुळे गुरुवारी हेडविग घरी राहिली आणि तिच्या जागी, बारा नंबरच्या खुर्चीवर, कोनराडची बायको इल्झ आईशेजारी जाऊन बसली. अकरा आणि बारा, सातवी रांग. या दोन खुर्च्या टीडेमानांच्या. सभागृह बांधायला पुढे झालेल्या व्यापाऱ्यांत मेटाचे सासरे होते, म्हणून त्या मिळालेल्या. अशी खुर्ची खिडकीवर तिकीट काढून मिळत नाही. बापाकडून लेकाकडे, सासूकडून सुनेकडे जाते, किंवा मग खुर्चीच्या धन्याने जिवंतपणी तोंडाने सांगायचे, की ही मी अमक्याला दिली. तोंडचा शब्द पुरे. वाट बघणारे वाट बघता बघता म्हातारे होतात.

युद्धात जुने सभागृह जळाले तेव्हा या खुर्च्याही जळाल्या. नंतरच्या हिवाळ्यांत वाद्यवृंद बंदरातल्या एका गोदामात वाजवायचा, आणि आत जायला तिकिटाबरोबर शेगडीसाठी कोळशाची एक वीट द्यावी लागायची. मेटा आपली वीट जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, तान्ह्या मुलासारखी छातीशी धरून न्यायची. तिथे ना रांगा होत्या ना नंबर, माणसे खोक्यांवर बसायची. तरी मेटा आत आली की सातवे खोके आपोआप रिकामे व्हायचे. पाच वर्षांपूर्वी नवे सभागृह उभे राहिले, तेव्हा सभागृहाच्या मंडळाने जुन्या घराण्यांना त्यांच्या रांगा आणि त्यांचे नंबर परत दिले.

आणि त्या रांगेबरोबर मेटाचे कामही परत आले. ते काम तिला कुणी दिलेले नव्हते. ब्रेमेनचा माणूस रचना संपल्या संपल्या टाळ्या पिटत नाही. शेवटचा स्वर पुरता विरू द्यायचा, मग हात उचलायचे. पण विरला की नाही हे ठरवायचे कुणी? लोक हळूहळू सातव्या रांगेकडे बघू लागले होते. मेटा टीडेमानचे हातमोजे घातलेले हात मांडीवरून उठले, की सभागृह टाळ्या वाजवायचे. रचनेच्या दोन भागांच्या मधल्या शांततेत कुणी परगावच्याने टाळी वाजवलीच, तर मेटा मान वळवून नुसती बघायची. तो माणूस पुन्हा दिसायचा नाही.

आणि गुरुवारी त्याच मेटाने मध्येच टाळी वाजवली.

चार भागांची मोठी रचना होती. तिसरा भाग गडगडाट करत संपतो आणि चौथा अगदी हळू, रडवेला सुरू होतो. तिसरा संपला, छडी हलवून वाद्यवृंद चालवणाऱ्या पाहुण्या संचालकाने हात खाली घेतले, आणि मेटाने टाळी वाजवली. ती एकटीच वाजवती, तर म्हातारी चुकली म्हणून लोकांनी सोडून दिले असते. पण सातवी रांग वाजवू लागली, मग आठवी, मग अर्धे सभागृह. संचालक पाठ करून तसाच उभा राहिला, काठीसारखा ताठ. टाळ्या हळूहळू थिजल्या. नंतर त्याने चौथा भाग असा वाजवून घेतला, म्हणे, जशी कुणाची तरी माती करून यायची आहे आणि गाडी चुकते आहे.

हेडविग असती तर हे झाले नसते. गेली तीन वर्षे ती दर गुरुवारी, रचना खरोखर संपली की, आईच्या बरगडीला कोपर लावत आली होती. अगदी हलके. आईला ऐकू येत नाही हे तिला त्याआधीच कळले होते. पण त्याबद्दल दोघी एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. कोपराने काम भागत होते, मग शब्द कशाला?

आता ती दोन्हीकडून कोंडली होती. कोनराडला वाटत होते आईची बुद्धी गेली. बुद्धी शाबूत आहे, कान गेलेत, असे सांगावे, तर तो म्हणणार, बहिऱ्या बाईला संगीताची खुर्ची हवी कशाला? काही बोलले तरी आईचा गुरुवार जाणार. आणि गुरुवार गेला तर आईचे काय उरणार, हे हेडविगला डोळ्यांसमोर आणवत नव्हते.

*

इल्झ स्वयंपाकघरात आली ती केकचा मोठा पत्रा घेऊन. लोणी, साखर आणि बदाम पसरलेला सपाट केक. ब्रेमेनमध्ये तो लग्नालाही करतात आणि मयतालाही.

"कोण गेलं?" बाहेरच्या खोलीतून मेटाचा आवाज आला. तिने पत्रा बघितला होता.

"कुणी नाही हो आई!" इल्झ ओरडली, आणि मग आवाज उतरवून हेडविगला म्हणाली, "दार लाव. तुला एक सांगायचंय."

हेडविगने दार ओढून घेतले.

"मीही वाजवली," इल्झ म्हणाली.

"काय?"

"टाळी. पहिली त्यांनी, दुसरी मी. कोनराडला ठाऊक नाही. तो मंडळाच्या बाल्कनीत होता, त्याला वाटतंय मी आईंचा हात धरायला धडपडत होते." ती सुरीने केकवर रेघा ओढू लागली, वाकड्या. "मी हॅनोव्हरची. सव्वीस वर्षं झाली या घरात येऊन, अजून मला कुठे टाळी वाजवायची ते धड कळत नाही. मी नेहमी दुसऱ्यांकडे बघते. आणि शेजारी आई बसलेल्या! त्यांनी हात उचलले म्हणजे संपलंच असणार, नाही का?"

हेडविगला हसू फुटले, आणि हसता हसता खोकला.

"हसू नकोस गं. आणि अजून एक. वाजवताना मला काय बरं वाटलं! म्हटलं, आज पहिल्यांदा मी या घराबरोबर वाजवतेय, मागून नाही." तिने सुरी खाली ठेवली. "कोनराड आज खुर्च्या मागणार आहे. अकरा त्याला, बारा मला. मी त्याला हो म्हणून बसलेय. पण मला नकोय ती. अशी नको."

"मग तसं सांग त्याला."

"तू सांगतेस का कधी त्याला काही?"

हेडविगने बश्या उचलल्या. ते खरेच होते.

*

मेटा खिडकीला पाठ करून बसली होती. वयाचे एकोणऐंशीवे सरत आले होते, पण पाठ ताठ. अलीकडे ती नेहमी तिथेच बसायची. उजेड समोरच्यांच्या तोंडावर पडतो आणि बोलणाऱ्याचे ओठ स्पष्ट दिसतात, म्हणून. हे फक्त हेडविगला ठाऊक होते. बाकीच्यांना वाटायचे, म्हातारीला थंडी सोसत नाही तरी हट्टाने खिडकीशी बसते. आणि कुणी बोललेले तिच्यापर्यंत पोचले नाही, तरी कुणाला नवल वाटायचे नाही. नको असलेले न ऐकणे ही मेटाची तरुणपणापासूनची खोड होती. कान गेले ते या खोडीमागे अगदी झाकून गेले.

गेशे आली होती. ओनोची दुपारची तालीम होती, तो सुटला की परस्पर येणार होता. कॉफी ओतून झाली. कोनराडने केकचा तुकडा घेतला, पण खाल्ला नाही.

"आई, गुरुवारबद्दल बोलायचंय."

"बोल की."

"मंडळाची काल बैठक झाली. पाहुण्या संचालकाने सांगितलंय, या गावात तो पुन्हा पाऊल ठेवणार नाही. म्हणे, तुमच्यापेक्षा आमच्याकडचे सर्कस बघणारे शहाणे."

"सर्कशीत तो काय करतो?" मेटाने विचारले.

गेशेने तोंडाला रुमाल लावला.

"आई, ही थट्टा नाहीये. लोक माझ्याकडे बघून कुजबुजतात. तीस वर्षं मी त्या मंडळावर आहे."

"तुझे वडील पस्तीस वर्षं होते. त्यांच्याकडे बघूनही कुजबुजायचे. मंडळ असतंच कशाला?"

कोनराड उठला. बसून भांडणे त्याला कधीच जमले नाही, लहानपणीही. तो कोपऱ्यातल्या टाइलच्या उंच शेगडीपाशी गेला, भिंतीकडे तोंड करून तिच्यावर दोन्ही हात टेकले आणि बोलू लागला. आवाज एकदम खाली आलेला, जड झालेला.

"तुला आता झेपत नाही, आई. चूक होते, मान्य आहे, वय आहे. पण पुढच्या वेळी आणखी काही होईल. लोकांनी तुझ्याकडे बोट दाखवावं हे मला बघवणार नाही. तू त्या खुर्च्या आजच माझ्या नावाने बोलून दे. मी आणि इल्झ बसू. तू घरी रेडिओ लाव, गरम पांघरूण घे, हेडविग आहेच सोबतीला. काय म्हणतेस?"

मेटाने केकवरचा एक बदाम उचलला आणि तोंडात टाकला.

"आई?"

ती शांतपणे चावत राहिली.

"बघा!" कोनराड तसाच भिंतीला म्हणाला. "उत्तरसुद्धा देत नाही. समजतच नाहीये तिला काही. मी सांगत होतो ना इल्झ तुला? बाबांचंही असंच सुरू झालं होतं, शेवटी मला गोदामाचा शिपाई समजायचे. आई, ऐकतेयस का? मी विचारतोय..."

"तोंड इकडे करून बोल ना!" हेडविग ओरडली. "तिला तोंड दिसलं पाहिजे!"

बोलून गेली आणि तिच्या हातातला चमचा बशीवर पडला.

कोनराड सावकाश वळला. गेशे आजीकडे बघत होती, इल्झ हेडविगकडे. मेटाने कोनराडचे ओठ बघितले, ते मिटलेले होते, मग लेकीचे बघितले. हेडविगचे ओठ थरथरत होते. तिथे वाचण्यासारखे काही नव्हते, तरी तिने ते वाचले.

"बोललीस अखेर," मेटा म्हणाली. "मला वाटलं, मी मरेपर्यंत तू कोपरच मारत बसणार."

"तुला ठाऊक होतं?" हेडविगने विचारले.

"तीन वर्षं तुझं कोपर माझ्या बरगडीत आहे. मला काय वाटलं असेल, तुला संधिवात झालाय? आणि तोही बरोबर रचना संपली की येतो?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललीस?"

दोघी एकाच मातीच्या. हेडविगला रडू आले, पण त्या रडण्यात दुःख नव्हते. लांबून ओझे वाहून आणावे, खाली ठेवावे आणि हात आपोआप वर यावेत, तसे झाले होते.

"थांबा," कोनराड म्हणाला. या वेळी तो नीट समोर उभा होता. "म्हणजे आईला ऐकू येत नाही?"

"मोठं, खालच्या सुरातलं थोडं येतं. जहाजाचा भोंगा. तुझा राग," मेटा म्हणाली.

"आणि डोकं?"

"डोक्याचं काय?"

"डोकं ठीक आहे ना?" कोनराडचा आवाज फाटला. पंचावन्न वर्षांचा माणूस, पण त्या क्षणी शाळेतून पडून आल्यासारखा दिसत होता. "मला वाटलं बाबांसारखं... मला वाटलं आता तूही मला ओळखणार नाहीस."

"अरे, बहिरी आहे मी, वेडी नाही. वेडी असते तर तुझ्या मंडळात बसले असते."

कोनराड खुर्चीत मटकन बसला आणि हसायला लागला. हसणे थांबेना, डोळ्यांतून पाणी येऊ लागले. इल्झने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हेडविगने आपल्या भावाला इतके हलके झालेले कधी बघितले नव्हते. म्हणजे तीन दिवस हा नाचक्कीला नव्हे, तर याला घाबरत होता.

"पण ओमा," गेशे म्हणाली. या घरात नातवंडे आजीला ओमाच म्हणत. "ऐकू येत नाही तर तू गुरुवारी करतेस काय तिथे?"

"बघते. सगळ्या वाद्यांचे गज एकदम वर जातात, एकदम खाली येतात. वाऱ्यावर गव्हाचं शेत हलतं तसं. जुन्या रचना मला पाठ आहेत, मी १९०४ पासून ऐकतेय, नवी नवरी होते तेव्हापासून. गज बघून आतल्या आत चालू होतं. नव्या रचना असल्या तर फारच बरं, तिथे कान असलेल्यांनाही काही कळत नाही."

"आणि गुरुवारची?"

"ती मी कधी ऐकलेलीच नव्हती. आणि तो छडीवाला हात असे टाकतो की संपलंच. आमचा इथला संचालक दोन भागांच्या मध्ये हात टाकत नाही, वरच धरून ठेवतो." ती थांबली. "जुन्या सभागृहात मला चाललं असतं गं. तिथली जमीन लाकडाची, खाली पोकळ. संगीत पायातून वर यायचं. या नव्याला रांगांखाली काँक्रीट घातलंय. पाच वर्षं झाली, माझ्या पायांना काही लागलेलं नाही."

हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. हवेबद्दल बोलावे तसे सांगितले. पण इल्झने मान खाली घातली.

कोनराड आता डोळे पुसून पुन्हा मंडळाचा माणूस झाला होता. "आई, हे सगळं खरं. पण मग खुर्चीचं... तू वाईट वाटून घेऊ नकोस, पण ज्याला ऐकू येत नाही..."

"म्हणजे तू काहीही झालं तरी घेणारच," हेडविग म्हणाली. तिला स्वतःच्या आवाजाचे नवल वाटले. "वेडी म्हणून घेत होतास, आता बहिरी म्हणून घे."

"तू मध्ये पडू नकोस असं मी सकाळीच..."

"पडले! आणि मी एकटीने नाही. इल्झ, सांग त्याला."

इल्झ लालबुंद झाली. मग म्हणाली, "मीही टाळी वाजवली, कोनराड. आईंच्या पाठोपाठ. दोन्ही हातांनी, मनापासून. आणि मला ती खुर्ची तू हिसकावून दिलेली नको."

कोनराडने बायकोकडे असे बघितले, जशी ती आत्ताच हॅनोव्हरच्या गाडीतून उतरली आहे.

तेवढ्यात बाहेर दारावर काहीतरी मोठे आपटले.

*

ओनो होता, आणि त्याच्याबरोबर त्याचा डबल बास. दारातून आधी ते भलेमोठे वाद्य आले, मग ओला झालेला ओनो. "माफ करा," तो म्हणाला, "सभागृहातली वाद्यांची खोली आज पुसताहेत, ठेवायला जागा नव्हती. कोपऱ्यात उभा करतो." मग त्याने सगळ्यांचे चेहरे बघितले. "मी नंतर येऊ का?"

"तू ये. आणि त्यालाही आण," मेटा म्हणाली. ती त्या वाद्याकडे बघत होती. "इथे, मधोमध. ती सतरंजी गुंडाळ गेशे. आणि वाजव."

"आज मृतांचा रविवार आहे!" कोनराड म्हणाला. या दिवशी ब्रेमेनच्या चांगल्या घरांत कुणी वाद्याला हात लावत नाही. "शेजारी काय म्हणतील?"

"मी निम्मी मृतांतलीच आहे असं सांग त्यांना. वाजव रे."

ओनोने गेशेकडे बघितले, गेशेने मान हलवली. त्याने वाद्याचा लोखंडी खुंट उघड्या लाकडी जमिनीवर टेकवला आणि गज घेतला. इतक्यात मेटा वाकली आणि बुटांच्या नाड्या सोडू लागली. तिला जमेना, तर हेडविगने गुडघे टेकून त्या सोडल्या. पायांतले लोकरी मोजेही काढले. म्हातारीचे पाय पांढरे, निळ्या शिरांचे, या खोलीत कुणी कधी न बघितलेले. कोनराडने नजर वळवली.

ओनोने सगळ्यात खालचा स्वर धरला, लांब. कपाटातल्या काचा किणकिणल्या. मग तो हळूहळू काहीतरी वाजवू लागला, एरवी बाकीच्या वाद्यांखाली जे दबून जाते, ते. मेटाने दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकले. आधी तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हते. मग पायाची बोटे हलली. मग ती डोळे मिटून बसली.

मेटा टीडेमान डोळे मिटते म्हणजे काय, हे त्या खोलीत फक्त हेडविगला समजले. तीन वर्षांत संगीत चालू असताना आईने एकदाही डोळे मिटले नव्हते. तिला मिटवत नव्हते.

ओनो थांबला. मेटाने डोळे उघडले नाहीत. कुणी टाळी वाजवली नाही. जमिनीतले सगळे विरून गेले असावे, तेव्हा तिने डोळे उघडले.

"वाद्यवृंदाच्या खाली काय आहे?" तिने ओनोला विचारले.

"कुठे, मंचावर? लाकूड आहे. खाली पोकळ."

"आणि मागे, तुमच्या पाठीशी, ती पोरंटोरं बसतात ते बाक?"

"तेही मंचावरच. आमच्या अगदी मागे." ओनोच्या लक्षात येऊ लागले होते. "पण ओमा, ते उघडे बाक आहेत. विद्यार्थी बसतात. पाठ टेकायलाही नाही."

"माझ्या पाठीला टेका लागतो असं तुला कुणी सांगितलं?" ती कोनराडकडे वळली. "ऐक. सातवी रांग मी सोडली. तोंडाने सांगतेय, सगळे साक्षीला आहेत. अकरा हेडविगची."

कोनराडने मान डोलावली. त्याला ते अपेक्षित असावे. "आणि बारा?"

"इल्झची."

"इल्झची?"

"ती माझ्याबरोबर वाजवते. अख्ख्या गावात चुकीच्या जागी माझी साथ करणारी पहिली ती. बाकीचे मागून आले. तुला मंडळाची बाल्कनी आहे, तिथून सगळं दिसतं."

इल्झ एकदम उठली, सासूच्या गळ्यात पडायला निघाली, मग ब्रेमेनमध्ये आहोत हे आठवून तिने तिच्या कपात कॉफी ओतली. कप भरून बशीत सांडेपर्यंत ओतली.

"आणि मंडळाला मी काय सांगू?" कोनराडने विचारले. पण आता त्याचा सूर भांडणाचा नव्हता.

"खरं सांग. म्हणावं, माझी आई बहिरी आहे. आणि मग त्यांना विचार, तुमचे कान तर शाबूत होते, तुम्ही कशाला वाजवलीत?"

कोनराडच्या चेहऱ्यावर एक हसू पसरले, सावकाश, आतून आलेले. हेडविगच्या मनात आले, हा माणूस आता मंडळाच्या पुढच्या बैठकीची वाट बघतोय.

"चहा मिळेल का?" ओनोने विचारले.

"मिळेल," कोनराड म्हणाला, आणि स्वतः उठून किटली ठेवायला गेला.

*

पुढच्या गुरुवारी हेडविग अकरा नंबरवर बसली आणि इल्झ बारावर. मेटा वाद्यवृंदाच्या मागे, डबल बासच्या पाठीशी, शाली पांघरलेल्या दोन मुलींच्या मध्ये होती. काळा पोशाख, मोत्यांची माळ, ताठ पाठ. बाकाखाली तिचे बूट शेजारी शेजारी ठेवलेले हेडविगला लांबून दिसत होते. पाचशे माणसांनाही दिसत असणार. आईला त्याचे काही वाटत नव्हते. रचना सुरू होण्याआधीच तिचे डोळे मिटलेले होते.

हेडविगने सवयीने कोपर सरकवले. शेजारी इल्झ होती. तिने कोपर मागे घेतले, मग हात मांडीवर ठेवला आणि काय करावे ते तिला कळेना. तिला बघायचे काही नव्हते. मोजायचे काही नव्हते, सावध राहायचे नव्हते. मग संगीत आले. किती वर्षांनी ते तिच्यापर्यंत आले होते. ती ऐकत राहिली.

संपले तेव्हा सभागृह थांबले. लोक सातव्या रांगेकडे बघू लागले. मान वळवून, चोरून, जुन्या सवयीने. इल्झ हेडविगकडे बघत होती. हेडविग कुणाकडेच बघत नव्हती, ती अजून ऐकतच होती. शांतता लांबत गेली. संचालकाचे हात वरच होते. मागे बाकावर मेटाने डोळे उघडले, समोर अख्खे सभागृह हात मांडीवर घेऊन तिच्या लेकीकडे बघते आहे असे तिला दिसले, आणि ती हसली.

मग हेडविगने हात उचलले.

मेटा त्या बाकावर आणखी दोन हिवाळे बसली. पोरे तिच्यासाठी जागा धरून ठेवायची आणि बूट काढायला मदत करायची. मेटा टीडेमान १९६४ सालच्या मार्च महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, घरी वारली. तिला ब्याऐंशीवे चालू होते.